मखमल आधी की शेमा आधी?

वाचकाचं पत्र, थोडक्यात : ठाण्यात राहणाऱ्या एक बेने इस्राएल (महाराष्ट्रातला मराठी बोलणारा यहुदी समाज) भगिनी सिनेगॉगच्या, म्हणजे यहुदी प्रार्थनागृहाच्या, हॉलमध्ये दर रविवारी मुलांचा धर्मवर्ग घेतात. सहा ते तेरा वयाची डझनभर मुलं येतात. हिब्रू अक्षरं, शेमा ही 'देव एकच आहे' असं सांगणारी मुख्य प्रार्थना, शब्बाथचे (शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाचे) आशीर्वाद असं शिकवणं चालतं. मुलं कंटाळतात, दोघांनी तर येणंच थांबवलं आहे. परदेशातल्या एका नातेवाइकांनी वर्गासाठी काही रक्कम पाठवली आहे. तिच्यातून किद्दुशसाठी (शब्बाथला द्राक्षारसावर म्हणायच्या आशीर्वादासाठी) चांदीचा पेला, मखमली आच्छादनं, भिंतीवर मोठी चित्रं आणि नवे दिवे घ्यावेत असं बाईंना वाटतं. कारण वर्गातल्या एका मुलीनं त्यांना विचारलं होतं, "गणपतीत सगळ्यांकडे आरास असते. आपल्याकडे तसं सुंदर काहीच का नसतं?" सासऱ्यांना हे पटत नाही. ते म्हणतात, "आधी पोरांना शेमा नीट वाचता येऊ दे. आपला धर्म नटवायचा नाही, पाळायचा आहे." एका मुलाच्या आईनंही सुनावलं, की ऐपत असलेल्यांची हौस बाकीच्यांच्या घरात भांडणं लावते. बाई विचारतात, "धर्माच्या नावाखाली मी मुलांना नुसती चमक दाखवायला निघाले आहे का?"

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. मुलांना आपला धर्म सुंदर वाटावा ही इच्छा उथळ नाही, आणि आपल्या परंपरेला परकी तर मुळीच नाही. पण ती पुरी करण्यासाठी तुम्ही जी यादी केली आहे, तिच्याबद्दल मला शंका आहे. सासऱ्यांच्या वाक्याबद्दलही आहे.

त्यांच्या वाक्यापासून सुरुवात करू. धर्म नटवायचा नाही, पाळायचा, असं म्हणताना त्यांनी ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, त्या आपल्या रब्बींनी, म्हणजे धर्मपंडितांनी, एकत्रच ठेवल्या होत्या. तांबडा समुद्र ओलांडल्यावर इस्राएल लोकांनी गायलेल्या गीतात एक ओळ आहे : हा माझा देव, मी त्याला शोभा आणीन. रब्बींना प्रश्न पडला, की रक्तामांसाचा माणूस आपल्या निर्मात्याला शोभा कशी आणणार? ताल्मुद या रब्बींच्या चर्चांच्या प्राचीन ग्रंथाच्या 'शब्बाथ' या भागात उत्तर आहे. त्याच्या आज्ञा सुंदर रीतीनं पाळ. सुक्का (सणाचा मांडव) बांधशील तो सुंदर बांध, लुलाव (त्याच सणात हाती धरायची खजुराची डहाळी) सुंदर घे, शोफार (फुंकायचं शिंग) सुंदर असू दे. सेफर तोरा (तोरेची, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांची, हस्तलिखित गुंडाळी) लिहवून घेशील तेव्हा ती उत्तम शाईनं, उत्तम लेखणीनं, कसबी लेखकाकडून लिहवून घे आणि सुरेख रेशमात गुंडाळून ठेव. म्हणजे तुमची मखमल ताल्मुदाला मान्य आहे. सासऱ्यांना हे जरूर सांगा, पण वाद जिंकण्यासाठी सांगू नका. कारण त्याच पानावर अब्बा शाऊल हे रब्बी त्याच ओळीतून वेगळं काही वाचतात : तू त्याच्यासारखा हो, तो कृपाळू आणि दयाळू आहे तसा तूही हो. ही दोन्ही मतं शेजारी शेजारी ठेवली आहेत, एकानं दुसऱ्याला खोडलेलं नाही. मला ते पान फार प्रिय आहे. आज्ञेला रेशीम हवं, आणि ते नेसवणाऱ्याच्या मनात दया हवी, एवढं सगळं तिथं एका श्वासात येतं.

सासऱ्यांच्या बाजूनंही मोठी माणसं उभी आहेत. प्रार्थनेच्या वेळी समोर नक्षीदार कापड किंवा भिंत आली तर आपण डोळे मिटून घेतो, असं मैमोनिदेस या मध्ययुगातल्या थोर रब्बींनी लिहून ठेवलं आहे. 13व्या शतकात जर्मनीतल्या रोथेनबुर्गच्या रब्बी मेईर यांच्यापुढे पशुपक्ष्यांची चित्रं असलेल्या प्रार्थनापुस्तकांचा प्रश्न आला. ही मूर्तिपूजा नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला, पण चित्रात डोळे गुंतले की मन प्रार्थनेतून सुटतं म्हणून ती नापसंत केली. ताल्मुदात रब्बी येहोशुआ यांची गोष्ट आहे. ते दिसायला कुरूप होते. सम्राटाची मुलगी त्यांना म्हणाली, एवढं तेजस्वी ज्ञान आणि असल्या ओंगळ भांड्यात! त्यांनी विचारलं, तुझे वडील द्राक्षारस कशात ठेवतात? मातीच्या घड्यात, ती म्हणाली. मग राजघराण्यातल्या लोकांनी सोन्याचांदीत ठेवायला नको का? तिनं तसं करवलं आणि सगळा द्राक्षारस आंबला.

तेव्हा भिंतीवरच्या मोठ्या चित्रांबद्दल सासऱ्यांची नाराजी अडाणी समजू नका. मुलं आशीर्वाद म्हणत असताना त्यांच्या समोरची भिंत मोकळी असलेलीच बरी, असं माझंही मत आहे.

आता त्या मुलीकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच आहे. तिनं आरास म्हटलं आणि तुम्ही दिवे, मखमल, चांदी ऐकलंत. मला वाटतं तिनं दुसरं काहीतरी पाहिलं असावं. ठाण्यातल्या कुठल्याही इमारतीत गणपतीच्या आधी आठवडाभर काय चालतं ते आठवा. तिच्या मैत्रिणी रात्री जागून कागद कापतात, मखराच्या रंगावरून भांडतात, डिंकानं हात बरबटवतात, आणि मोठी माणसं त्यांना ते करू देतात. हे सगळं त्यांनी केलेलं असतं. तुमच्या यादीतल्या वस्तू आल्या तर या मुलीच्या वाट्याला काय येईल? पेला, ज्याला हात लावायचा नाही. मखमल, जी मळवायची नाही. ती पुन्हा प्रेक्षकच राहील, फक्त जरा महागड्या खुर्चीवरची. मुलांना ओढून आणण्यासाठी लावलेली चमक दोन रविवार पुरते. त्यानंतर हातातला मोबाइल तिच्यापेक्षा जास्त चमकतो, आणि त्या शर्यतीत आपण उतरूच नये.

निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाची (इस्राएल लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूची) हकिगत वाचा, वर्गातही वाचून दाखवा. बसलेल हा त्या कामाचा मुख्य कारागीर. सोनं, चांदी, रत्नं, लाकूड, विणकाम, सगळ्यांत निपुण. पण तोरा तिथं थांबत नाही. देवानं त्याच्या आणि अहोलियाबाच्या मनात शिकवण्याचंही घातलं, असं ती सांगते. ज्या स्त्रियांच्या हाती कसब होतं त्यांनी स्वतः सूत कातून आणलं, हेही तिथं नोंदलं आहे. एवढी मोठी वास्तू, आणि सूत कोणी कातलं याची आठवण ठेवावीशी वाटली! आपल्या धर्मशिक्षणात मला हे हवं आहे. मुलानं सुंदर वस्तूकडे बघत बसू नये. त्यानं ती करावी, आणि ती करता करता शिकावं.

हे मान्य केलं तर "शेमा आधी की मखमल आधी" हे भांडण उरत नाही. सेफर तोरामध्ये शेमाची ओळ कशी लिहितात ते मुलांना दाखवलं आहे का? त्या ओळीतलं पहिल्या शब्दाचं शेवटचं अक्षर, आयिन, आणि ओळीचं शेवटचं अक्षर, दालेथ, ही दोन्ही इतरांपेक्षा मोठी लिहितात. दालेथ आणि रेश या अक्षरांत फरक फक्त मागच्या कोपऱ्याचा. तो कोपरा गोल झाला तर 'एक देव' याचं 'दुसरा देव' होतं. हे मुलांना सांगून पाठ होत नाही. त्यांच्या हातात बोरू द्या, शाई द्या, जाड कागद द्या आणि एक दालेथ काढायला लावा. कोपरा नीट येईपर्यंत काढू द्या. सेफर तोरात 3,04,805 अक्षरं असतात, आणि त्यातलं एक जरी तुटलं तरी दुरुस्ती होईपर्यंत ती वाचायला काढत नाहीत. अचूकपणा आणि देखणेपणा तिथं एकाच हाताचं काम आहे. सासऱ्यांना जो नीटपणा हवा आहे तो याच मार्गानं येईल, आणि ते अक्षर तपासायला त्यांनाच बसवा. तुम्ही त्यांच्या विरुद्ध वर्ग चालवण्यापेक्षा त्यांच्याबरोबर चालवावा असं मला मनापासून वाटतं.

हा विचार आजचा नाही. प्रोफियात दुरान हे स्पेनच्या कॅटलोनियातले विद्वान. 1391च्या दंगलींत तिथल्या हजारो यहुद्यांवर सक्तीनं धर्मांतर लादलं गेलं, त्यात तेही सापडले. पुढे 1403मध्ये त्यांनी हिब्रू व्याकरणावर ग्रंथ लिहिला आणि प्रस्तावनेत अभ्यास कसा करावा ते सांगितलं : पुस्तकं देखणी असावीत, अक्षर सुरेख असावं, अभ्यासाची जागाही सुंदर असावी, कारण त्यानं शिकण्याची गोडी वाढते आणि वाचलेलं लक्षात राहतं. ज्याच्या समाजावर एवढं संकट कोसळलं तो माणूस सुंदर पुस्तकाला चैन म्हणत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. त्याही आधी जर्मनीत आणि फ्रान्समध्ये मूल पहिल्यांदा गुरुजींकडे जाई तेव्हा पाटीवरच्या अक्षरांना मध लावून ते त्याला चाटू देत.

आणि आपल्या घरचं उदाहरण तर पुण्याचंच आहे. 1874मध्ये तिथं हगादा, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) सुटकेच्या पेसाह या सणाच्या रात्री वाचायचं पुस्तक, छापली गेली, हिब्रू आणि मराठी एकत्र, चित्रांसहित. त्यातल्या मत्सा (बिनखमिराची भाकर) तयार करणाऱ्या बायका साड्या नेसलेल्या आहेत! मिसरमधून सुटकेची गोष्ट वाचताना मुलीला त्यात आपली आजी दिसावी, ही ती दृष्टी. त्याच सुमारास आपल्या लोकांनी मराठी कीर्तनाचा बाज घेऊन अब्राहाम आणि योसेफ यांची आख्यानं रचली, गायली. तेव्हा मुलीला "आपल्याकडे सुंदर काहीच नसतं" हे जर वाटत असेल, तर ते वस्तू नसल्यामुळे वाटत नाही. होतं ते आपण तिला दाखवलेलं नाही.

म्हणून माझी सूचना अशी. हनुक्का या दिव्यांच्या सणापासून पेसाहपर्यंत तीन-साडेतीन महिने मिळतात. या काळात प्रत्येक मुलानं स्वतःची हगादा करावी. पूर्ण नको, दहा-बारा पानं पुरेत. धाकट्यांनी त्या रात्री मुलं विचारतात ते 'मा निश्तना'चे चार प्रश्न लिहावेत, मोठ्यांनी दहा पीडा, हिब्रू आणि खाली मराठी. चित्रं त्यांचीच. मिसरची नदी उल्हास नदीसारखी काढली तर काढू द्या. पानं शिवायची, पुठ्ठ्याला कापड लावायचं, आणि ती हगादा पेसाहच्या रात्री घरच्या जेवणाच्या टेबलावर वापरायची, कपाटात ठेवायची नाही. सारायेवोची हगादा जगातल्या सर्वांत सुंदर हस्तलिखितांपैकी एक मानली जाते. 14व्या शतकात बार्सिलोनाच्या परिसरात ती तयार झाली. तिच्या पानांवर द्राक्षारसाचे डाग आहेत. मुलांच्या हगादांवर मनुकांच्या सरबताचे पडले तर कोणी रागावू नये.

हनुक्काला मात्र लगेच सुरुवात करता येईल. प्रत्येक मुलाला आठ पणत्या आणि नववी शमाशची (जिनं बाकीच्या लावायच्या ती), जरा उंचावर ठेवायची. पणत्या त्यांनी रंगवाव्यात, वाती वळाव्यात, ओळ सरळ लावावी. ताल्मुद सांगतो की खरं तर एका घराला रोज एक दिवा पुरतो. ज्यांना आज्ञा अधिक सुंदर करायची आहे त्यांनी घरातल्या प्रत्येकामागे एक लावावा, आणि त्याहूनही अधिक हवं असेल तर हिलेल या जुन्या रब्बींच्या शाळेप्रमाणे रोज एक वाढवत न्यावा. आज घरोघरी ही तिसरी, सर्वांत सुंदर रीतच रूढ आहे, आणि तिला लागतं ते थोडं जास्त तेल.

आता त्या आईची तक्रार. तुम्ही पत्रात ती एका ओळीत आटोपली आहे. मला ती सगळ्यात गंभीर वाटते. पूर्वी शोक असलेल्या घरी जेवण नेताना श्रीमंत लोक सोन्याचांदीच्या टोपल्यांतून नेत आणि गरीब सोललेल्या वेताच्या टोपल्यांतून. गरिबांना लाज वाटू लागली, तेव्हा सगळ्यांनीच वेताच्या टोपल्या वापराव्यात असं रब्बींनी ठरवून टाकलं. हा नियम चांदीच्या विरुद्ध नव्हता, तो लाजेच्या विरुद्ध होता. दरफाळणीच्या सणाला (योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस) आपण पांढरे कपडे घालतो. ताल्मुदाचा गाभा असलेली मिश्ना सांगते की जुन्या काळी त्या दिवशी यरुशलेमच्या मुली पांढरी वस्त्रं नेसून द्राक्षमळ्यांत नाचायला जात आणि ती वस्त्रं एकमेकींकडून उसनी घेतलेली असत, जिच्याकडे नाहीत तिला खाली बघावं लागू नये म्हणून. श्रीमंताच्या मुलीनंसुद्धा उसनंच नेसायचं! सौंदर्याबद्दल याहून शहाणा नियम मला माहीत नाही.

वर्गासाठी त्यातून एक साधी शिस्त घ्या. शाई, कागद, कापड, पणत्या सगळं वर्गाचं, सगळ्यांना सारखं. घरून काही आणायचं नाही. कोणाची हगादा जास्त छान झाली याचं बक्षीस ठेवू नका. आणि बार मित्सवाच्या (तेराव्या वर्षी मुलगा धर्मपालनाला जबाबदार होतो त्या सोहळ्याच्या) समारंभांत जी हौस होते तिच्याबद्दल वर्गात चांगलं किंवा वाईट काहीच बोलू नका. ते घराघराचं आहे, मुलं ते बोलणं घरी नेतात.

ज्यांच्या गावात वर्गच नाही अशा कुटुंबांकडून, आणि इस्राएलमध्ये अश्दोद-दिमोनाकडे राहणाऱ्या मराठी आईवडिलांकडूनही या अर्थाची पत्रं येतात. त्यांना वेगळं सांगायचं नाही, फक्त आकार लहान करा. शुक्रवारच्या संध्याकाळी टेबलावर घालायचं पांढरं कापड मुलांनी भरलेलं असू द्या, टाके वाकडे असले तरी. मलिद्याचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या नावानं मांडायच्या नैवेद्याचं, ताट मुलांना मांडू द्या. पोहे, ओला नारळ, साखर, वेलची, सुकामेवा, फळं, यांतलं काय कुठं ठेवायचं ते त्यांनी ठरवावं. आणि 'एलियाहू हन्नाबी' हे त्याच संदेष्ट्याचं गीत घरातली जी वडीलधारी व्यक्ती ज्या चालीत म्हणते ती चाल मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, या आठवड्यातच. शिकण्याआधीच चाल गेली तर ती कुठल्याही दुकानात मिळत नाही.

दाराच्या मेझुझाबद्दल (चौकटीला लावायचं, शेमाच्या ओळी लिहिलेलं चर्मपत्र) बऱ्याच जणांची गफलत होते म्हणून लिहिते. नक्षीदार डबी घेतात आणि आत छापील कागद ठेवतात. आज्ञा आतल्या चर्मपत्राची आहे, ते हातानं लिहिलेलंच हवं. आधी ते घ्या, डबी लाकडाची चालेल, मुलानं रंगवलेली तर फारच छान.

पैशांचं बोलू. आज्ञा सुंदर करण्यासाठी मूळ खर्चाच्या वर एक तृतीयांशापर्यंत अधिक घालावं, असं ताल्मुदात मोजमापही दिलं आहे. ते इथं वापरा. आधी प्रत्येक मुलाला मोठ्या अक्षरांचं स्वतःचं प्रार्थनापुस्तक, पुरेसा चांगला कागद, आणि हिब्रू शिकवायला कोणी जाणकार येणार असेल तर त्यांचं मानधन. एवढ्याला जे लागेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी रक्कम बांधणीचं कापड, रंग, पणत्या आणि मुंबई-पुण्याच्या एका सहलीसाठी राखा. 1796मध्ये स्थापन झालेलं मशीद बंदरचं शारे रहमीम, काळा घोड्याचं निळं केनेसेथ एलियाहू, पुण्याचं लाल देऊळ, या सिनेगॉगांतलं जे जमेल ते दाखवा, आणि मुलांना वह्या देऊन तिथली एकेक वस्तू काढायला बसवा. चांदीचा पेला यंदा नको. मुलं दोन-तीन वर्षांनी स्वतः म्हणाली की किद्दुशसाठी चांगला पेला हवा, तर तेव्हा घ्या आणि निवडायला त्यांना घेऊन जा. नातेवाइकांना हे सविस्तर कळवा. दिलेल्या पैशाचं काय झालं हे समजण्याचा त्यांचा हक्क आहे, आणि तुमचं कारण पटण्यासारखं आहे.

राहिली ती दोन मुलं. ती वर्ग रुक्ष आहे म्हणून गेली असं तुम्ही गृहीत धरलं आहे. खरंच तसं आहे का? त्यांच्या घरी स्वतः जा आणि विचारा. रविवारी सकाळी क्रिकेटचा सराव असेल, क्लासची परीक्षा असेल, वाचता न आल्यामुळे कोणी हसलं असेल. हसलं असेल तर ते आधी मिटवा, त्यासाठी एक पैसाही लागत नाही. आणि नुसती वेळेचीच अडचण असेल, तर वर्ग शनिवारी हव्दाला (शब्बाथ संपवण्याचा विधी) झाल्यावर घेता येईल का ते बाकीच्या पालकांना विचारून बघा.